ओढ्याकाठचा बांध

आक्का, मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं चारचौघी मला सांगून गेल्या. त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. चांगलं बोलायला सगळं गाव आहे. तुमच्या हातची शेंगदाण्याची चटणी, तुमच्या ओव्या, तुमचा सरळ स्वभाव, सगळ्यांचं सगळं बोलून झालं. तुमच्याशी भांडायला मात्र माझ्याशिवाय कोणी नाही. तीस-एकतीस वर्षं चाललेलं भांडण तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात, आणि मी तुमची धाकटी जाऊ आता एकटीच ते तोंडातल्या तोंडात पुरं करत बसले आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा दत्ता आमच्या दारात आला. मी भाकरी करत होते. उंबऱ्यावरच उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, परवा देवळात या. म्हेश आन् मी, दोगं भाऊ, रानाचं वाटप करतोय. चिठ्ठ्या तुमीच लिवायच्या. आबा आज्याच्या वक्ताला बी तुमीच लिवल्या व्हत्या म्हनं."

माझा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी करपली. मी म्हटलं, "कसलं वाटप करताय रे? आहे काय वाटण्यासारखं?"

तर तुमचा लेक मला समजावून सांगायला लागला. मळ्यातल्या पट्टीचे दोन भाग, ओढ्याकाठच्या पट्टीचे दोन भाग, माळाचे दोन भाग. म्हणजे एकेकाला तीन-तीन ठिकाणी चिंधी. "कुणावर अन्याव नको," म्हणाला. अगदी मामंजींचा आवाज, आक्का. तुम्ही असता तर तुम्हाला भरून आलं असतं. मला मात्र हातातलं उलथनं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

आपल्या सासऱ्यांनी, मामंजींनी, जे करून ठेवलं ते तुम्हीही पाहिलंत आणि मीही पाहिलं. दहा एकर रान, पण तीन ठिकाणी. गावालगत मळा, तिथं विहीर. मळ्यापासून पाऊण तास चाललं की ओढ्याकाठचं काळं रान. आणि त्याच्या उलट्या दिशेला, वैरागच्या रस्त्याकडं, माळ. दोन भाऊ, तीन रानं. दुसऱ्या कोणी विचार केला असता की एकाला हे द्यावं, एकाला ते, कमीजास्त माळात भरून काढावं. मामंजी म्हणाले, "काळ्यातलं अर्द काळं, मळ्यातला अर्दा मळा, माळातलं अर्द माळ. कुनाचं त्वांड वाकडं व्हायाला नको." तिन्ही रानं त्यांनी उभी चिरली. विहिरीच्या मधोमध बांध घालता आला असता तर तोही घातला असता त्या माणसाने.

तेव्हापासून आपण दोघी चालतोय. तुमच्या पट्ट्या तीन, आमच्या पट्ट्या तीन, एकमेकींना चिकटून. सकाळी मळ्यात पाणी, दुपारी ओढ्याला भाकरी घेऊन जायचं, आणि माळावर डुकरं पडली असं कोणी सांगितलं की तिकडं पळायचं. मजुरीला बायका सांगितल्या तर त्यांचा अर्धा दिवस वाटेतच जायचा. वर त्या आपल्यालाच विचारायच्या, "बाई, आज नेमकं कुठल्या रानात?" आम्ही तुरीवर फवारलं की आळ्या तुमच्या पट्टीत, तुम्ही फवारलं की परत आमच्या पट्टीत. चार दिवसांच्या अंतरानं दोघींनी औषध मारायचं आणि आळ्यांनी आरामात बांध ओलांडायचा. एक पंप होता तो दत्ता मोटारसायकलवर बांधून या रानातून त्या रानात न्यायचा. त्याची निम्मी जवानी त्या पंपाबरोबर फिरण्यात गेली.

तो वैरागचा ट्रॅक्टरवाला आठवतोय का? ओढ्याकाठच्या पट्टीत त्याला बोलावलं होतं. रानाकडं बघून त्यानं ट्रॅक्टर वाटेवरच बंद केला. "मावशी," तुम्हाला म्हणाला, "हितं शिरायला येळ, वळायला येळ, भाईर निगायला येळ. नांगरायचं कवा?" तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. मीही हसले. घरी येताना मात्र मला रडू यायला लागलं, कारण तो खरं बोलला होता. आपण दोघी शेती कमी आणि येरझाऱ्या जास्त केल्या. तुमचे गुडघे कशानं गेले हे सोलापूरच्या डॉक्टरला कळलं नसेल, मला कळलं होतं.

आणि उपाय किती जवळ होता! मळा सगळा तुम्ही घ्यायचा, ओढा सगळा आम्ही. आमची मळ्यातली पट्टी तुम्हाला, तुमची ओढ्याची पट्टी आम्हाला. माळ ज्याचा त्याला. तुमचं रान घराच्या दारात आलं असतं. त्यात तुमची ओढ्याची पट्टी पूर्वेकडची, पाण्याला लागून. दर मोठ्या पावसात ओढा तिचा एक घास घ्यायचा. दीड एकराची सव्वा एकर कधी झाली ते कोणी मोजलंसुद्धा नाही. ती वाहून जाणारी पट्टी मी मागत होते आणि बदल्यात विहिरीजवळची चांगली देत होते. जगात कोणी नाही म्हणेल का याला? तुम्ही म्हणालात. एकदा नाही, दरवर्षी म्हणालात.

"देवाफुडं चिठ्ठी उचललीया," तुमचं ठरलेलं उत्तर. "द्येवानं दिलंय ते. बदलायला तू कोन गं?"

एकदा मी तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर नकाशा मांडला होता. मूठभर ज्वारी आमची, मूठभर तुरीची डाळ तुमची. तीन चौकोन काढले आणि प्रत्येकात अर्धी ज्वारी, अर्धी डाळ. म्हटलं, हे असं आहे. मग मळ्यातली ज्वारी उचलून ओढ्यात टाकली, ओढ्यातली डाळ मळ्यात. म्हटलं, आणि हे असं होईल. एका जागी सगळी डाळ, एका जागी सगळी ज्वारी. तुम्ही चूल सोडून आलात, उकिडव्या बसलात आणि बराच वेळ बघत राहिलात. बोटानं मळ्याच्या चौकोनाभोवती एक फेरी मारलीत. मला वाटलं, जमलं. आणि तुम्ही सूप घेतलंत, सगळं त्यात भरलंत आणि माझ्यापुढं सरकवलंत. "निवड आता. इनाकारन दोनी येकात केलंस."

मी सूप तिथंच टाकून निघून आले. आठ दिवस तुमच्या घरात पाऊल ठेवलं नाही. नवव्या दिवशी तुम्ही उडदाचं घुटं पाठवलंत, वर निरोप, "रुसनं संपलं आसंल तर भांडं परत दे." भांडं परत देताना रिकामं कसं द्यायचं म्हणून मी त्यात लिंबाचं लोणचं घातलं. भांडण तसंच राहिलं आणि भांडी मात्र येत-जात राहिली.

शेजारच्या तात्यांनी आणि त्यांच्या पुतण्यानं अदलाबदल केली ते साल तर मी कधी विसरणार नाही. त्यांचंही रान आपल्यासारखंच फाटलेलं. त्यांनी मोजणी आणली, बार्शीला जाऊन दस्त केला, मधला बांध काढला. एकच ठिबक, एकच मोटर, एकच राखण. दुसऱ्या वर्षी पुतण्यानं सबंध रानात कांदा केला आणि दुपारच्या वेळी दारात बसून पेपर वाचायला लागला. गावातल्या लोकांना त्याच्या कांद्यापेक्षा त्या पेपरचंच जास्त नवल. तुम्हीच मला म्हणालात, "चल, बगून यिऊ." तुम्ही त्या रानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलात, दुखऱ्या गुडघ्यांनी, मधे कुठंही पाय उचलून बांध ओलांडावा लागला नाही. पलीकडं जाऊन माझ्याकडं वळून बघितलंत आणि ओरडलात, "हितनं तितपर्यंत येकच रान हाय की गं! लई भारी दिसतंय!"

परत येताना मी विचारलं, "मग?"

तुम्ही म्हणालात, "त्येंनी चिठ्ठ्या टाकल्या न्हवत्या."

असं वाटलं तुम्हाला वाटेतच धरून गदागदा हलवावं. डोळ्यांना दिसतं, पायांना कळतं, तोंडानं कबूल करता, आणि तरी नाही! माझी अशी समजूत झाली होती की तुम्ही हट्टी आहात, अडाणी आहात आणि देवभोळ्या आहात. हे तिन्ही शब्द मी तुम्हाला तोंडावर ऐकवले आहेत. तुम्ही नुसतं "व्हय, हाय मी तशी" म्हणायचात आणि पुढं चालायला लागायचात.

मला टायफॉइड झाला होता त्या साली तूर उभी होती. आमचे हे मला घेऊन सोलापुरात दवाखान्यात. तुरीच्या शेंगा वाळून फुटायला लागलेल्या, आणखी चार दिवस गेले तर सगळी तूर जमिनीवर. मी खाटेवर पडून त्या तुरीचाच विचार करायचे. घरी आले तर तूर कापून, वाळवून, बडवून पोती भरून ठेवलेली. तुम्ही आधी माझी काढलीत, मग तुमची. तुमची थोडी फुटून गेली तोवर. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी तुमच्या पट्टीतले तुरीचे दाणे मातीत पडलेले बघितले तेव्हा कळलं. बांध ओलांडून माझं पीक वाचवणारी बाई तो बांध मात्र काढू देत नाही, हे कोडं मला सुटत नव्हतं. मी ते सोडवायचं सोडून तुमच्यावर चिडायचं काम चालू ठेवलं.

आता जे सांगते ते तुम्हाला मी कधीच सांगितलं नाही. तीनदा सांगायला आले होते आणि तीनदा परत गेले.

वाटणी झाली तेव्हा माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. घरात दहावीपर्यंत शिकलेली मी एकटी. मामंजी म्हणाले, "धाकल्या सुनंचं आक्षार चांगलं हाय, चिठ्ठ्या ती लिवंल." मारुतीच्या देवळात सगळी भावकी बसलेली. मी डोक्यावरचा पदर सावरत, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. तीन रानांच्या सहा चिठ्ठ्या. प्रत्येक रानाच्या दोन, एकीवर पूर्व, एकीवर पश्चिम. मामंजींनी नारळ फोडला. थोरल्या भाऊजींनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, एकेका रानाची एकेक चिठ्ठी उचलली, पाटलांनी ती वाचली. जी राहिली ती आपोआप धाकट्याची, म्हणून ती कोणी उघडलीच नाही. मामंजींनी मला सांगितलं, "उरल्याली गोळा कर गं, पायाखाली याला नकोत."

घरी येऊन मी चुलीपाशी बसले आणि उगीच त्या तीन उघडून बघितल्या. मळ्याची बरोबर. माळाची बरोबर. ओढ्याची उघडली तर तिच्यावर पूर्व. आणि भाऊजींच्या हातातल्या चिठ्ठीवरही पूर्वच आली होती. म्हणजे ओढ्याच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर मी पूर्व लिहिलं होतं. एवढ्या माणसांत बसून लिहिताना घाबरले आणि चुकले. पाण्याला लागून असलेली, वाहून जाणारी पट्टी भाऊजींनी कुठलीही चिठ्ठी उचलली असती तरी त्यांनाच मिळणार होती. देवानं काही दिलं नव्हतं, आक्का. मी दिलं होतं, चुकून.

मी त्या तिन्ही चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. तुम्ही समोर भाकरी थापत होतात. तुम्ही एवढंच म्हणालात, "ऊठ, पीठ मळ."

दुसऱ्या दिवशी भाऊजी ओसरीवर कुरकुरत होते, "दुसरी चिठ्ठी कुनी बगितली? दावा की जरा." तुम्ही आतून ठणकावलंत, "देवाफुडं उचलली, आता दावायची कशाला? द्येवावर इस्वास न्हाय व्हय?" भाऊजी गप्प झाले. मी मनात तुमच्या देवभोळेपणाचे पाय धरले. आणि पुढं तीस वर्षं त्याच देवभोळेपणाला शिव्या दिल्या.

का नाही सांगितलं? आधी भीतीनं. मग लाजेनं. मग असं वाटायला लागलं की न सांगता दुरुस्त करावं. म्हणून तर मी ती अदलाबदल मागत होते! चांगली पट्टी देऊन वाईट पट्टी घ्यायची आणि चूक भरून काढायची. तुम्ही देवाचं नाव काढून माझी वाट अडवायचात, आणि ती अडवणूक मोडायला जे एक वाक्य लागत होतं ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. माझा सगळा संताप तुमच्यावर, आणि किल्ली माझ्या कमरेला.

तर ठरल्या दिवशी मी देवळात गेले. वही नेली नाही. दत्ता, महेश, दोन्ही सुना, आमचे हे आणि भावकीतली चार माणसं. महेशनं खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. मी म्हटलं, "मी चिठ्ठ्या लिहिणार नाही. मागं लिहिल्या त्याच चुकीच्या होत्या." आणि सगळं सांगितलं. उभी राहूनच सांगितलं, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. आमच्या ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आज पहिल्यांदाच बघतायत. ते त्या दिवशी दिवे लागेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दत्ताचं तोंड लाल झालं. अगदी भाऊजी. "काकू," म्हणाला, "आमी तीस वर्सं ती वाहून जानारी पट्टी कसली. आईला का सांगितलं न्हाय?"

माझ्याआधी तुमची थोरली सून बोलली. सविता, जी चार माणसांत कधी तोंड उघडत नाही.

"आत्यांना म्हाईत व्हतं," म्हणाली.

दत्ता तिच्याकडं वळला.

"शेवटच्या दुखन्यात दवाखान्यातनं घरी आनल्यावर सांगितलं त्येंनी मला," सविता म्हणाली. "म्हनल्या, शालन चुलीम्होरं चिठ्ठी उगडून बसली व्हती, त्वांड पांडरंफट. ह्येंनी घरी आनल्याल्या चिठ्ठीवर जसं व्हतं तसंच तिच्या हातातल्या चिठ्ठीवर व्हतं. मला वाचाय येत न्हाय, पर सारकं हाय का येगळं हाय येवडं कळतंय की."

"मग बोलली का न्हाय?" दत्ता ओरडला.

"बोलून काय झालं आसतं? मामांनी, तुमच्या वडलांनी, काकूंना घरात ठिवलं आसतं का? आट म्हयन्याची नवी सून. मुद्दाम केलं म्हनले आसते सगळी." सवितानं माझ्याकडं बघितलं. "आन् बदलायचा इशय निगला की मामा म्हनायचे, धाकली येवडी चांगली पट्टी उगंच द्यायला निगाली व्हय? आदी ती दुसरी चिठ्ठी दावा, मग बदलू. म्हनून आत्यांनी इशयच काडू दिला न्हाय. मी इचारलं त्येंना, मामा गेल्यावर तरी का न्हाय म्हनलं? तर हसल्या. म्हनल्या, तवर न्हाय म्हनायची सवय लागली गं."

आक्का, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? काय झालं असतं फार तर? चार शिव्या बसल्या असत्या, महिनाभर माहेरी पाठवलं असतं, माझ्या वडिलांनी येऊन हात जोडले असते आणि मी परत आले असते. कदाचित नसतेही आले, कबूल. पण तुम्ही मला विचारायचं तरी! तुमच्या समोर बसून मी पीठ मळत होते. तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि दोघी एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवत तीस वर्षं एकाच वाटेनं ओढ्याला गेलो. डोक्यावर भाकरीची बुट्टी, पुढं तुम्ही, मागं मी. मी तुम्हाला अडाणी म्हणाले तेव्हा तुम्ही "व्हय" म्हणालात. कशासाठी म्हणालात व्हय? मला एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं.

आणि किती काय वाया गेलं! तुमचे गुडघे. दत्ताची ती पंप घेऊन फिरण्यातली वर्षं. महेश शेवटी कंटाळून सोलापुरात नोकरीला गेला आणि आता फक्त रविवारी रान बघतो, ते या तीन चिंध्यांपायीच. ओढ्यानं नेलेली ती पाव एकर माती. एका घाबरलेल्या पोरीची अब्रू वाचवायला तुम्ही दोन घरांची शेती पांगळी ठेवलीत. मी तुमचे उपकार मानावेत की तुमच्याशी भांडावं? मी दोन्ही करते आहे. रोज सकाळी एक आणि दुपारी दुसरं.

देवळात मग महेशनं पेन परत खिशात घातलं आणि म्हणाला, "काकू, मग आता कसं करायचं?" मी सांगितलं. चिठ्ठ्या नकोत, कोणी काही उचलायचं नाही. मळा सगळा तुम्हा भावांचा आणि त्याचे तुकडे पाडायचे नाहीत, दोघांनी मिळून करायचा. विहिरीवरची आमची पाळी आम्ही सोडली. ओढा सगळा आमचा, वाहून गेलेल्यासकट. माळ आहे तसा. आमच्या ह्यांनी मान हलवली. दत्ता म्हणाला, "आईची विच्छा न्हवती म्हनून आमी गप बसलो व्हतो. आमालाबी कुटं पायजे व्हत्या ह्या येरझाऱ्या?"

म्हणजे त्यांनाही हेच हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं, आक्का. भाऊजी गेल्यानंतरची सहा वर्षं नुसत्या सवयीत गेली.

सोमवारी आम्ही तलाठ्याकडं गेलो. त्यानं सातबारे काढून टेबलावर पसरले. दत्तानं विचारलं, किती दिवस लागतील. तो म्हणाला, "आधी वारस नोंद. या उताऱ्यांवरचं मयताचं नाव कमी झालं पाहिजे. त्याशिवाय पुढं मोजणी नाही, दस्त नाही, काही नाही." तुमच्या नावावर त्यानं बोट ठेवलं होतं. तिन्ही उताऱ्यांवर तुमचं नाव, स्पष्ट, छापील. मी सविताकडं बघितलं, ती खिडकीबाहेर बघत होती. मला त्या तलाठ्याचाही राग आला. त्याचा काही दोष नव्हता, पण राग आला.

कागदाला वेळ लागेल, पण पेरणी कागदासाठी थांबत नाही. काल ओढ्याकाठचा बांध काढायला घेतला. बांधावरची बोराटी दत्तानं आणि ह्यांनी मिळून तोडली, दगड एका कडेला रचले. ट्रॅक्टरवाला तोच वैरागचा, आता केस पिकलेत. तुमच्या पट्टीत शिरला आणि आमच्या पट्टीतून बाहेर निघाला. त्यानं मला हाक मारून विचारलं, "मावशी, त्या मोट्या मावशी कुटं हायत? त्येंनी बगाया पायजे हुतं." मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, जिथून सगळं रान एकदम दिसत होतं. चांगलं दिसत होतं, आक्का. फार चांगलं दिसत होतं.

एवढं सोपं काम तुम्ही असताना आपल्याला जमलं नाही. काल ते दुपारपर्यंत उरकलं, कारण नाही म्हणायला तुम्ही नव्हतात. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.